सात झोके

नाव: ऊ ट्विन फे. वय: एकसष्ट. राहणार: मोलम्याईन, पगोड्याच्या टेकडीखालची तिसरी गल्ली. व्यवसाय: पियानोचे आवळलेले सांधे मोकळे करणे. सेवा: अडतीस पावसाळे. तक्रारी: निरंक.

मानपत्राचा हा मजकूर वाद्यमंडळाच्या वतीने मीच लिहिला.

आमच्याकडे पाऊस एकदा आला की जायचं विसरतो. पियानोच्या हर हातोडीच्या सांध्यात बारीक पिन असते, तिच्याभोवती लाल लोकरी कापड. ते ओलीने फुगलं की पिन आवळते आणि वर गेलेली हातोडी खाली यायला कुरकुरते. ट्विन फे पिन काढतो, कापड जरासं घासतो, पिन परत बसवतो. मग हातोडी बोटाने झुलवून मोजतो. दोन झोके म्हणजे आवळलेली. सहा-सात म्हणजे ठीक. दहा म्हणजे बिघडवलेली.

गेल्या वाझो महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी, दॉ न्यो म्याने त्याला बोलावलं. निम्मं गाव तिच्याकडे पियानो शिकलेलं, ट्विन फेसुद्धा; सगळे तिला सयामा, म्हणजे बाई, म्हणतात.

"डावीकडच्या पट्ट्या दगड झाल्यात रे. दुरुस्ती करतोस की नुसता चहा पिऊन जातोस?"

"बघतो, सयामा."

त्याने हातोडी झुलवली. सात. शेजारची. सात. डावीकडची एकूण एक हातोडी ठणठणीत होती. तेवढ्यात तिने डाव्या हाताने लाफेची, मुरवलेल्या चहाच्या पानांची, बशी पुढे केली. बशी कलली, तीळ-शेंगदाणे चटईभर झाले.

"बशी ओली होती," ती म्हणाली.

"हवाच तशी आहे."

"मग? सांधेच ना?"

तोंडावर नाही म्हणायचं, तेही सयामाला, हे आमच्या गावात कुणाला जमलेलं नाही.

"सांधेच. पावसाचं आहे."

"बघ! भाची म्हणते, हात दाखवायला दवाखान्यात चल. मी म्हटलं, दुखणं पियानोला आहे, मला कशाला नेतेस?"

ती समोर बसून बघत होती, म्हणून त्याला पिना काढून कापड घासावंच लागलं. पावसाळाभरात चार वेळा. चौथ्या खेपेला हातोड्या दहा-दहा झोके घेऊन शेजारच्या तारांना धडकू लागल्या. "आता कसं हलकं झालं!" असं ती म्हणाली, आणि दवाखाना राहिला.

पावसाळा सरला, आणि थडिंजुटच्या सणाचे दिवे लावताना ती कोसळली. वाझोतच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ट्विन फे भेटायला गेला तर तीच ओशाळली.

"तुला उगाच चार वेळा पावसात यायला लावलं बाबा."

"त्यात काय, सयामा."

मानपत्र वाचून तो माझ्याकडे आला. "ती तक्रारींची ओळ तेवढी काढ."

"का? कुणी तक्रार केली?"

"कुणीच नाही."

"मग राहू दे की."

राहिली. दॉ न्यो म्याचा अंबाडा आता भाची बांधते.