शेळीचं रक्त घेऊन यवतमाळला

तिसरी शेळी गाभडली त्या सकाळीच मी ठरवलं, आता गावातल्या गावात विचारत बसायचं नाही. शेजारीण म्हणे ओलं कुटार खाल्लं म्हणून झालं, दुसरी म्हणे उडी मारली म्हणून. तीन शेळ्यांनी काय ठरवून उड्या मारल्या?

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरनं रक्त काढलं आणि म्हणाला, "पाठवतो, काकू. वेळ लागंल."

"मीच नेते," म्हटलं. त्यानं नळ्या बर्फात घालून थर्माकोलचा डबा बांधून दिला, सोबत चिठ्ठी दिली. तुम्हाला जायचं असेल तर ही चिठ्ठी विसरू नका. तिच्याशिवाय तिथं नंबर लागत नाही.

आमचा तांडा राळेगावपासून आत आहे. पोरानं मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. सकाळची यवतमाळ गाडी पकडा, नंतरच्या गाडीत उभं राहावं लागतं. बायांना अर्धं तिकीट आहे. कळंबपर्यंत रस्ता बरा, मधे एका ठिकाणी खोदून ठेवलाय, तिथं डबा मांडीवर घ्या.

शेजारच्या बाईची नजर डब्यावरून हटेना. "मासोळ्या हायत काय वो?"

"शेळीचं रक्त आहे."

ती उठून मागच्या सीटवर गेली. कंडक्टर हसला. "काकू, सीट धरायची चांगली आयडिया हाय तुमची." यवतमाळपर्यंत मी पाय पसरून बसले.

स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री झणझणीत, पोहे गार. दुसरी प्लेटही खाल्ली. मग ऑटो केला. ऑटोवाल्याला नुसतं "दवाखाना" म्हणू नका, माणसांच्या दवाखान्यात नेऊन सोडतो. मला तसंच सोडलं, मग भांडून परत बसले.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं काचेवर रक्ताचा थेंब ठेवला, त्यात कसलं तरी गुलाबी औषध मिसळलं आणि चहा थंड व्हायच्या आत सांगितलं, "नेहमीचा गाभडण्याचा रोग नाही दिसत. दुसरा एक आहे, क्यू ताप. त्याची तपासणी बाहेर होते, रक्त पुढं पाठवावं लागंल."

"आज नाही समजणार?"

"नाही. वार कुठं टाकली, काकू?"

"टाकली नाही. उंबराले बांधली."

"काहून?"

आता हे काय विचारणं झालं? शेळी व्याली की मागून पडलेली वार फडक्यात बांधून उंबराला टांगायची. उंबराला चीक असतो, तसं शेळीला दूध येतं. माझी सासू बांधायची, मी बांधते. गाभडली तरी बांधते, दूध तरी हातचं जाऊ नये.

"उंबर कुठं आहे?"

"अंगणात."

"त्याखाली कोण बसते?"

"सून. दुपारभर तिथंच खाट टाकते. पाचवा महिना चालू आहे तिला."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवला. मग तिनं हळू सांगितलं. हा रोग वारेत असतो, व्याताना पडणाऱ्या पाण्यात असतो, कच्च्या दुधात असतो. वार वाळली की धूळ होऊन वाऱ्यावर जातो. श्वासातून माणसात शिरतो. माणसाला साधा ताप येऊन जातो, पण पोटुशी बाईचं पोरही जाऊ शकतं.

आठ दिवसांपूर्वीच शीतल, माझी सून, मला याडी म्हणजे आई म्हणते, ती म्हणाली होती, "याडी, ते काढा ना, वास येऊन राह्यला." मी म्हटलं होतं, "वास येतो तर नाक दाब."

दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. "शीतल, कुठं आहेस?"

"खाटेवर. काहून?"

"ऊठ. घरात जा. अंगणात पाय ठेवायचा नाही."

"काय झालं, याडी?"

"आधी ऊठ!"

परतीच्या गाडीत शेजारी कोण बसलं, काय बोललं, काही सांगता येणार नाही.

घरी येऊन तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे घातले. डॉक्टरणीनं सांगितल्यासारखं उंबरावरच्या पोटल्यांवर आधी पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. मग उतरवल्या, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. झाडाखालची जमीन भिजवली. खाट जाळून टाकली. डॉक्टरणीनं तेवढं सांगितलं नव्हतं, मीच जाळली.

दुसऱ्या दिवशी परत यवतमाळ, यावेळी शीतलला घेऊन, माणसांच्या दवाखान्यात. इथं एक लक्षात ठेवा. शेळ्या गाभडल्यात हे तुम्हीच तोंडानं सांगा. रांगेत उभं राहून गोळ्या घेऊन याल, पण तुमच्या घरी शेळ्या आहेत का हे कोणी विचारत नाही. मी तीन जणांना सांगितलं, चौथीनं ऐकलं आणि रक्त घेतलं. गाडीत शीतलनं कळंबला उसाचा रस मागितला. एरवी मी नको म्हटलं असतं. दोन ग्लास पाजले.

तिला तिच्या माहेरी पाठवलं. विहीणबाईंना पहिलं विचारलं, "तुमच्या झाडाले काय टांगलंय?"

"आमच्याकडं शेळ्याच नाहीत वो!" त्यांना रागच आला. येऊ द्या.

शेळ्यांचा रिपोर्ट आला, क्यू तापच निघाला. शीतलच्या रक्तात काही नाही. तीन आठवड्यांनी परत तपासलं, तेव्हाही नाही.

परवा चौथी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही माद्या, दोन्ही जिवंत. मोजे घालून मीच सगळं केलं. वार हातात घेतली तेव्हा नजर उंबराकडं गेलीच. खड्ड्यात टाकली, वर चुना टाकला. मनात म्हटलं, यंदा दूध नाही.

आज सकाळी शीतलचा फोन. "दूध उतरलं काय, याडी?"

भांडं चुलीवर उकळत होतं. "उतरलं."

"किती?"

"नेहमीएवढंच." मला कबूल करायला जरा वेळच लागला. "तुझं सांग."

"लाथा मारून राह्यलं. रातभर झोपू नाही देलं."

"मारू दे," म्हटलं. "जोरात मारू दे."