किरकोळ दोषांची दुरुस्ती

मोबाइलच्या कंपन्या जुने फोन मुद्दाम हळू करतात, अशी माझ्या नवऱ्याची पक्की खात्री होती. तशीच खात्री त्यांना विजेच्या मीटरबद्दल, गॅस एजन्सीबद्दल, हवामान खात्याबद्दल आणि माझ्या भावाबद्दल होती. हे सगळे आपल्यापासून काहीतरी लपवतात, असं त्यांचं म्हणणं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली होती. बंद पडलेल्या यंत्राजवळ उभं राहून कोण खोटं बोलतंय हे शोधायची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

"मशीन आपोआप स्लो होत नाही वं," ते म्हणायचे. "एक तर घासते, नाही तर कोणी तरी स्क्रू आवळते. फोनमध्ये घासाले काय आहे?"

"सॉफ्टवेअर जड होत असेल," मी म्हणायची.

"तेच सांगून राहिलो तुले. स्क्रू दिसत नाही, पण आवळणारा आहे."

म्हणून त्यांनी फोन कधी अपडेट केला नाही. फोन रोज संध्याकाळी विचारायचा, हे रोज 'नंतर' दाबायचे. लग्न जमवायला निघालेल्या मावशीच्या चिकाटीनं कंपनी विचारत राहिली आणि उपवर मुलाच्या चिकाटीनं यांनी टाळलं. असं चार वर्षं चाललं.

मी त्यांची टिंगल करत असे. मी रामदासपेठेतल्या एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. पाठ्यपुस्तकं, गाइडं, क्वचित एखादा गौरवग्रंथ. चूक सापडली की ती कबूल करून दुरुस्त करावी, हा आमच्या धंद्यातला धर्म. एकदा मी त्यांना फोनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला: 'किरकोळ दोषांची दुरुस्ती आणि कामगिरीत सुधारणा.' म्हटलं, बघा, बिचारी कंपनी शुद्धिपत्र पाठवते आहे आणि तुम्ही घेत नाही.

त्यांनी चष्मा वर केला. "कोणता दोष?"

"ते लिहिलेलं नाही."

"तुह्या शुद्धिपत्रात तर पान राहते, ओळ राहते, चूक काय अन् बरोबर काय, सगळं राहते. यायच्यात काहून नाही?"

मी वरण लागतंय असं सांगून आत गेले. वरण लागत नव्हतं.

गॅस एजन्सीशी झालेल्या एका भांडणानंतर त्यांनी फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय करून घेतली होती. "पुरावा पाहिजे," एवढंच कारण. एजन्सीचा पुरावा जमला की नाही ठाऊक नाही. पण कारखान्यातून रोज एक वाजून दहा मिनिटांनी ते माझ्या साध्या बटणांच्या फोनवर जो कॉल करायचे, तोसुद्धा त्यात जमा होत गेला. "जेवली का वं?" इथून सुरू व्हायचा आणि "ठेवतो" इथे संपायचा.

आता मी काय केलं होतं, ते सांगते.

एकदा त्यांच्या छातीत दुखलं. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, शिडी चढणं, वजन उचलणं बंद. त्यांना सांगितलं तर ते उद्याच शिडीवर चढतील, हे डॉक्टरांनी दोन दिवसांत ओळखलं होतं. मी तर तीस वर्षं ओळखत होते. त्या आठवड्यात मी त्यांना न सांगता बसनं कळमेश्वरला गेले, कारखान्याच्या गेटवर नाव लिहिलं आणि त्यांच्या साहेबांना भेटले. पुढच्या सोमवारी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. खुर्ची, पंखा, रजिस्टर. साहेबांनी त्यांना सांगितलं, तुमच्या अनुभवाची तिथे गरज आहे.

अनुभवी माणसाला हे वाक्य बरोबर कळतं. पहिले सहा-सात महिने ते रोज संध्याकाळी घरी येऊन विचारत, "मले कोणं बसवलं तिथं?" मी पोळ्या लाटत असे. छातीत पुन्हा दुखलं नाही, हे खरं. पण आधी ते जिना शीळ घालत चढत. नंतर नुसतेच चढत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दाढी करायला पाणी घेतलं आणि तिथेच गेले.

मी त्यांना सांगितलं नाही ते नाहीच.

तेरवीला आमच्याकडे माहेरची माणसं दुखवट्याची साडी आणतात. माझा भाऊ कामठीहून साडी घेऊन आला आणि साडीच्या घडीवर एक नवाकोरा मोबाइलचा डबा ठेवला. सगळे बघत होते.

"ताई, तो भाऊजींचा खटारा देऊन टाक आता. हा घे. चार कॅमेरे आहेत."

"चार कॅमेऱ्यांनी मी काय बघू?"

"अगं, राहू दे ना. लोकं दुखवट्यात टॉवेल-टोपी देतात, मी मोबाइल दिला. जमाना बदलला."

मी म्हटलं, वर्षभर घरात नवीन वस्तू वापरायची नसते. आयुष्यात एक सुतक धड पाळलं नव्हतं, पण रूढी अडीनडीला उपयोगी पडते. भाऊ म्हणाला, "दुखवट्याचं चालते, ताई. शास्त्रात आहे." कोणत्या शास्त्रात मोबाइल आहे, ते त्यानं सांगितलं नाही. डबा कपाटात गेला.

खरं कारण जुन्या फोनमध्ये होतं. स्टोअरमध्ये बदली झाल्यापासूनचे सगळे कॉल मला ऐकायचे होते. तेव्हा मी ते अर्धं लक्ष देऊन ऐकले होते. एका कानाला फोन, डोळ्यांपुढे मुद्रित. आता एकच गोष्ट शोधायची होती: बदली मी करवली, हे त्यांना कधी कळलं होतं का? रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ताट वाढून घ्यायचं आणि एक कॉल लावायचा. एकच. शेवटचं पान आधी बघायचं नाही, हे मी धंद्याची शिस्त म्हणून स्वतःला सांगत होते. खरं तर मी घाबरत होते.

निम्मे कॉल झाले असतील, तेव्हा पेन्शनचं काम निघालं. मी जिवंत असल्याचा दाखला हवा होता. तो मोबाइलच्या ॲपमध्ये तोंड दाखवून मिळतो, आणि ॲप म्हणालं, फोनची आवृत्ती जुनी आहे, आधी अपडेट करा. मी हयात आहे की नाही हे माझ्याकडे बघून ठरणार नव्हतं. ते फोनच्या तब्येतीवर ठरणार होतं. डबा फोडून नवा फोन काढता आला असता. पण वर्ष पाळायचं मी चारचौघांत बोलून बसले होते.

तेव्हा मी ते केलं, जे बहुधा आमच्या धंद्यातलंच माणूस करेल. 'मला मान्य आहे' दाबायच्या आधी मी तो करार वाचला. सगळा. दोन दुपारी लागल्या. फोन चार्जरला लावून, शेजारी पेन्सिल आणि वही घेऊन. कंपनीला माझ्याबद्दल काय काय गोळा करता येतं, ते सविस्तर होतं. कंपनी कशाकशाला जबाबदार नाही, ते त्याहून सविस्तर होतं. फोन हळू होईल, असं कुठेही नव्हतं. मी खात्रीनं 'मान्य' दाबलं.

दाखला मिळाला. मी जिवंत ठरले. फोन मात्र आजारी पडला.

आधी बोट लावताच कॉल सुरू व्हायचा. आता एक गोल फिरत राहायचा. मी त्यांचं मनगटी घड्याळ ताटाशेजारी ठेवून वेळ मोजली. पहिल्या दिवशी पंधरा सेकंद, आठवड्यानं चाळीस, एकदा भात गार झाला तरी गोल फिरतोच आहे. फार संताप आला. त्याहून वाईट म्हणजे ज्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, ते "बोललो होतो ना तुले" म्हणायला नव्हते. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आधी तो फोन मधूनच बंद पडायचा. अपडेटनंतर ते थांबलं होतं.

पण अशा चालीनं शेवटच्या कॉलपर्यंत तो टिकेल, याचा भरवसा राहिला नाही. मी सीताबर्डीला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावलेला. त्यानं फोन उघडला, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू, बॅटरी म्हातारी झाली याची. फुगली नाही, हे नशीब."

"बॅटरीचं नाही, अपडेटमुळे झालंय. कंपनीनं मुद्दाम केलंय."

मला वाटलं तो हसेल. त्यानं भिंग काढलं. "केलंच आहे ना. सगळेच करत नाहीत. कधी नवं सॉफ्टवेअर भारी असते, जुन्या फोनले झेपत नाही. पण या मॉडेलमध्ये अपडेटनं बघितलं, बॅटरी कमजोर आहे. जोर लावला तर मशीन बंद पडन. म्हणून यानं वेगच कमी करून ठेवला. बंद पडण्यापेक्षा हळू चाललेलं बरं, का नाही?"

"म्हणजे भल्यासाठी."

"कंपनी तर तेच म्हणते. आता फोन हळू झाला की माणूस नवा घेते, त्यात कंपनीचंही भलं होते, ते वेगळं."

"मग सांगायचं ना तसं. विचारायचं होतं."

"लिहून दिलं असन, काकू. ते लांबलचक असते ना, त्यात."

"मी सगळं वाचलं. त्यात नाही."

तो थांबला. "सगळं?"

"दोन दिवस लागले."

त्यानं मान वळवून पलीकडच्या दुकानदाराला हाक मारली, "अबे, इकडं ये. यायनं पूर्ण वाचलं!" तो आला. कव्हर विकणारा आला. बांगड्यांच्या दुकानातली एक बाई कुतूहलानं उठून आली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या वाचनाचं इतकं कौतुक कुठल्याही प्रकाशकानं केलं नव्हतं. "काय लिहिलं राहते हो त्यात?" बाईनं विचारलं. मी म्हटलं, नको असेल ते सगळं असतं. सगळे हसले, मीही हसले.

हसू आवरल्यावर दुकानदार पुन्हा कामाला लागला आणि सहज बोलला, "विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हटलं असतं का? कोणीच म्हणत नाही. म्हणून गुपचूप करते."

मला कारखान्याच्या गेटवरचं रजिस्टर आठवलं. नाव, वेळ, कोणाला भेटायचं, भेटीचं कारण. कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती' लिहिलं होतं. तेसुद्धा 'किरकोळ दोषां'इतकंच सविस्तर होतं.

त्यानं नवी बॅटरी बसवली, सगळे कॉल एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिले आणि फोन माझ्या हातात ठेवला. "आता पळते बघा."

पळत होता. घरी येऊन ताट वाढलं. आता फोन मरेल ही भीती नव्हती, आणि दुकानदाराच्या त्या बोलण्यानंतर रोज एकच कॉल ऐकायची शिस्तही नुसती सबब वाटू लागली. मी एकामागून एक लावत गेले. गोल फिरत नव्हता. त्या चाळीस सेकंदांत मी पदर सारखा करायची, पाणी प्यायची, तयार व्हायची. आता बोट लावलं की ते थेट कानात.

एका कॉलमध्ये त्यांनी विचारलेलं सापडलं. मला तो अजिबात आठवत नव्हता.

"साहेबाले आज पुन्हा विचारलं, मले इथं काहून बसवलं? तो म्हणते, वरून आलं. वर कोण आहे वं? तुले माहीत आहे का काही?"

मागे आमच्या कुकरची शिट्टी. मग माझा आवाज. शांत, जरा त्रासलेला, काम करणाऱ्या बाईचा.

"मला काय माहीत. तुम्ही जेवून घ्या."

मशीनची घरघर ऐकू येते. मग ते म्हणाले, "बरं. तुले माहीत नसन, तर मंग कोणालेच माहीत नसन. ठेवतो."

मी तो कॉल सहा वेळा ऐकला. हवामान खात्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं माझ्यावर ठेवला होता, की मला ओळखून सोडून दिलं होतं, हे आवाजावरून ठरवता येत नाही. उरलेल्या कॉलमध्ये त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. शेवटच्या कॉलमध्ये वांग्याची भाजी चांगली झाली होती, एवढंच आहे.

ताट तसंच ठेवून मी वही घेतली. करार वाचताना जी वही घेतली होती, तीच. कंपनीच्या मजकुराखाली बरीच जागा शिल्लक होती. आमच्या छापखान्याच्या पद्धतीनं शुद्धिपत्राचे रकाने आखले आणि त्यांना हवं होतं तसं लिहिलं, काही न लपवता:

स्टोअरच्या सातव्या महिन्यातला कॉल, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. कुकरच्या शिट्टीनंतरची पहिली ओळ. 'मला काय माहीत' याऐवजी 'मीच साहेबांना भेटले होते, तुम्हाला न विचारता' असे वाचावे.