त्या खाऱ्या पाण्यातून आलेला शब्द

मी शिरपूरला आयुष्यभर विज्ञान शिकवलं. कुणाच्या अंगात आलं की शेजारी बसून त्याची नाडी मोजणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो. पण भाऊ आता नाहीत, आणि घरात सगळे अजून संजयलाच दोष देतात.

भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांचा मुलगा संजय ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. माझ्याच हट्टामुळे तो आम्हा दोघांना शार्क बे नावाच्या तिथल्या आखातावर घेऊन गेला. तिथे समुद्राहून दुप्पट खारट, उथळ पाण्यात काळपट दगड आहेत — डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी थरावर थर देत रचलेले, अजूनही वाढणारे. भर दुपार. वारा पडलेला. पाण्यावरच्या लाकडी पुलावर उभं राहिलं की वाटायचं, सगळे दगड आपल्याकडेच तोंड करून आहेत... आणि आपण आलेलं त्यांना आवडलेलं नाही.

संजय पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला. भाऊ हसून म्हणाले, "बठ्ठा बठेल शेतस रे." सगळे बसलेत म्हणे, पंचायत भरल्यासारखे.

हात लावू नका, अशी पाटी होती. जिवंत असतील तर ओरडतील, असं म्हणत मी हातातली काठी खाली घालून जवळच्या दगडाचा कपचा उडवला. भाऊ चिडले. दुसऱ्याच्या घरी आलोय आपण, म्हणाले.

तेवढ्यात फळ्यांखालून स्पष्ट आलं — "बठ."

बस. आमच्या अहिराणीत. दरडावून.

मी हुकूम झाल्यासारखा खाली बसायला लागलो. भाऊंनी दंड धरून मला मागे ढकललं आणि माझ्या जागी स्वतः खाली बसले.

ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पर्थला, मग धुळ्याला, डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. म्हाताऱ्या बापाला उन्हात सोडून गेला म्हणून वहिनींनी संजयशी बोलणं टाकलं. भाऊंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, आवाज तूही ऐकलास ना?

"नाही भाऊ. ऊन लागलं तुम्हाला."

त्यांनी तो विषय परत कधी काढला नाही. बापाच्या तेराव्यालाही संजय मान खाली घालून बसला होता.

मी ऐकलं होतं. संजयचा दोष नाही. परमुलखातल्या त्या पाण्याला आमची बोली कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं... आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'बठा' म्हणतात. भाऊंना 'बठ' म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

तो हुकूम मला होता, हे भाऊंना तिथेच कळलं होतं.