दातांच्या डबीत गाडीची जाळी

गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं कवळीआत्यानं केलेल्या दातांनी हसायची आणि उरलेली निम्मी आपली पाळी कधी येते म्हणून गाल चाचपत बसायची. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. मग आत्या आपल्या एका खोलीच्या लॅबमध्ये मेण, प्लास्टर, धातू, गुलाबी हिरड्या असा सगळा संसार मांडायची. स्वतःचा संसार तिनं मांडला नव्हता. कुणी उकरून विचारलंच तर म्हणायची, "एवढ्या लोकांची तोंडं सांभाळते, आणखी एक घरात कशाला आणू?"

अशा या आत्याच्या डोक्यात ऐन साठीत गाडी शिरली.

गाडी दादाची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारा. गाडी जुन्या घडणीची, गोल बॉनेटची, फुगीर मडगार्डांची, नाकावर उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी मिरवणारी. दादा तिला ताडपत्रीत गुंडाळून ठेवायचा. आत्याकडे लायसन्स होतं, पण दादानं तिला कधी चाकाला हात लावू दिला नाही. "तुझा हात जड आहे," एवढंच म्हणायचा. केसाएवढी रेघ दातावर कोरणारा हात, आणि म्हणे जड! आत्याच्या मस्तकात तिडीक जायची.

आता दादाचे गुडघे बोलू लागले, क्लच दाबवेना, म्हणून त्यानं गाडी विकायला काढली. जुन्या गाड्या जमवणारा कुणी हौशी महिनाअखेरीला येऊन घेऊन जाणार होता.

"दादा, जायच्या आधी एकदा तरी चालवू दे की रे."

दादाचे पुढचे चार दात नुकतेच काढले होते. तो त्या खिंडारातून हसला. "आधी एवढीशी करून दाखव," त्यानं वीतभर हात पसरले. "तू दातांची कारागीर ना? मग कर. दुकानात असते तसली नको, माझीच पाहिजे. बघताक्षणी मी 'ही माझी' म्हणालो, तर चावी तुझी."

"वन्सं, फसाल हां," वहिनी आतून ओरडली. "हे ओळखतील आणि गप्प बसतील. मला बघायला आले तेव्हा आवडले होते म्हणे मी. पण तोंडातून हूं की चूं नाही. अजून वाट बघतेय."

पण आत्यानं पदर खोचला होता.

तिच्या पायाला भिंगरी लागली. खेळण्यांची दुकानं पालथी घातली. कुठं विमानं, कुठं रणगाडे, कुठं जहाजं. सुटे भाग जोडून गाडी करायचा संच म्हटला की नव्या, चपट्या, बेडकासारख्या गाड्या पुढं यायच्या. "नातवाला पाहिजे का आजी?" एका दुकानदारानं विचारलं. "मला पाहिजे. आणि आजी कुणाला म्हणतोस? तुझ्या दाढा दाखव बघू!" दुकानदारानं घाईनं तोंड मिटलं.

शेवटी एका वह्या-पेन्सिली विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या माळ्यावर तो खोका सापडला. झाकणावरचं चित्र उन्हानं विटलेलं, पण बॉनेट तेच, गोल! आत्या तिथंच टुणकन उडाली. शिडी हलली. म्हातारा खालून ओरडला, "बाई, घ्यायचं ते घ्या, पण जिवंत उतरा!"

घरी येऊन खोका उघडला आणि घोडं अडलं. गाडी तीच, पण शर्यतीची. दारं दोनच, दादाच्या गाडीला चार. स्टिअरिंग भलत्या बाजूला. टायर म्हशीच्या पोटासारखे. आणि पुढची जाळी गायबच. कुठल्या उंदरानं नेली देव जाणे.

दुसरं कुणी रडलं असतं. आत्याला गुदगुल्या झाल्या. नाहीतरी जन्मभर ती दुसरं काय करत आली होती? जे गळालंय ते घडवायचं आणि शेजाऱ्याला घट्ट धरून बसवायचं. दात कापायच्या बारीक चकतीनं तिनं दारं कापली, दोनाची चार केली. स्टिअरिंग उपटून बाजू बदलली. टायर तासून सडपातळ केले. सीट तिनं हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याच्या ओतल्या. दादाच्या सीट तांबड्या होत्या, पण जवळचा रंग तोच होता. वहिनी बघून म्हणाली, "बसायचं धाडस होणार नाही हो. चावेल असं वाटतं."

राहिली जाळी. ती हुबेहूब पाहिजे, आणि खरी तर ताडपत्रीखाली. एका दुपारी दादाचा डोळा लागला तशी आत्या दात बघायचा आरसा आणि बॅटरी घेऊन पालथी आत सरपटली. बाहेर नुसती पायांची जोडी.

"ती ताडपत्री का हलतेय गं?" दादा कूस बदलत म्हणाला.

"मांजर असेल," वहिनी म्हणाली, आणि मांजराच्या पायातली निसटलेली चप्पल पायानंच आत सारली.

आत आत्याला एक गंमत दिसली. डावीकडून चौथी पट्टी वाकडी होती. दादा सगळ्यांना सांगायचा, कारखान्यातूनच तशी आली. पण पट्टीच्या सांध्यात चुना अडकला होता, फाटकाच्या खांबाला असतो तसला. आत्या ताडपत्रीखाली तोंडात पदर कोंबून हसली.

दादाच्या चार दातांची धातूची पट्टी तिला करायचीच होती. तिनं दोन्ही मेणात कोरलं, दादाचे दात बसायची पट्टी आणि त्याच्या गाडीची जाळी, वाकड्या पट्टीसकट. एकाच साच्यात दोन्ही ओतलं. पट्टीवर दात चढवले, दोन्ही चकाचक घासलं, दोन सारख्या डब्यांत ठेवलं. डॉक्टरांचा माणूस आला, डबी घेऊन गेला. आत्या गाणं गुणगुणत गाडीपाशी बसली, गोंद लावला, दुसरी डबी उघडली.

आतून दादाचे चार दात तिच्याकडे बघून हसले.

आत्याचीच दातखीळ बसली. दादा या घडीला डॉक्टरांच्या खुर्चीत होता! गाडी त्याच्यापुढं ठेवायच्या आधीच जाळी त्याच्या हाती पडली, तर तो सावध होणार, तोंडाला कुलूप लावणार, आणि उद्या तर गिऱ्हाईक येणार. ती डबी मुठीत घेऊन सुटली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात वहिनीची, अंगावर प्लास्टरनं पांढरा झालेला एप्रन. रस्त्यावरची माणसं भिंतीला चिकटली.

दवाखान्यात डॉक्टर चिमट्यात जाळी धरून उजेडाकडे फिरवत होते.

"काका, तुमचे दात जरा... उभ्या पट्ट्यांचे आलेत. नवीन पद्धत असावी." त्यांनी गंमत म्हणून जाळी दादाच्या ओठांपुढं धरली आणि त्याच्या हातात आरसा दिला.

दादानं आरशात पाहिलं आणि ताडकन उठला. "अहो, ही माझी! माझ्या गाडीची! चौथी पट्टी बघा की, वाकडी! खांबाला लागली होती ती..."

"कशाला लागली होती दादा?" दारात आत्या धापा टाकत उभी होती. "आणि कुणाची म्हणालास?"

दादानं तोंड मिटलं. पण उशीर झाला होता. डॉक्टर साक्षीला होते, आणि हसून हसून त्यांचा चिमटा खाली पडला होता.

"मी गाडी ओळखीन म्हणालो होतो," दादा पुटपुटला. "जाळी नाही."

"नुसत्या नाकावरून ओळखलीस. अख्खी बघायची गरजच काय?" आत्यानं हात पुढं केला. "चावी."

"आधी माझे दात."

"आधी चक्कर."

दुपारी ताडपत्री उतरली. आत्या चाकामागं, शेजारी वहिनी, मांडीवर छोटी गाडी नाकासकट. मागं दादा, दोन्ही हातांनी पुढची सीट आवळून. गाडी खोकली, शिंकली आणि निघाली. वळणावर वहिनीनं विनाकारण हॉर्न वाजवला आणि दोघी नणंद-भावजया शाळकरी पोरींसारख्या किंचाळल्या.

"हलू! हलू घे! खांब बघ!" दादा खिंडारातून थुंकी उडवत ओरडला.

आत्यानं खांबाला बोटभर जागा ठेवून गाडी फाटकातून आत घेतली. इंजिन चालू ठेवूनच ती मागं वळली. दातांची डबी तिनं दोन बोटांत वर धरली होती.

"बोल. कुणाचा हात जड?"

दादानं डबीकडं पाहिलं, मग चुन्याच्या खांबाकडं.

"माझा," तो म्हणाला.

आत्यानं डबी वहिनीकडं दिली, गिअर टाकला आणि गाडी मागच्या मागं पुन्हा रस्त्यावर काढली.