सर्जेरावची थाप

फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गावर होतो. एरवी तासाला फोन घेत नाही, पण गावाकडच्या चुलतभावाचा तिसऱ्यांदा आला म्हणून दारात जाऊन घेतला. "सर्जेराव गेला रे. सकाळी मंडपाचं सामान उतरवायलता, छातीत कळ आली. पाटोद्याला नेस्तोवर संपलंच." मी "बरं" म्हणालो. बरं! मराठी शिकवणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचला नाही. मग आत येऊन उरलेला धडा पुरा केला.

त्याला आता दीड महिना झाला. लातुरात सगळे मला सर म्हणतात. "अबे मास्तर" म्हणणारा एकच होता, त्यामुळे हल्ली दिवसभर बोलूनही आपण कुणाशी बोललोच नाही असं वाटत राहतं. त्यात सर्जेरावला सांगायची एक गोष्ट वीस-बावीस वर्षं माझ्या पोटात होती. ती राहिली...

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं. सर्जेराव तालमीतला, मी पुस्तकातला (मास्तर हे नाव त्यानं मला तेव्हाच ठेवलं होतं), तरी आमचं गूळपीठ होतं. रविवारी सायकलवर डबलसीट पाटोद्याला जायचो. तिथल्या एका केशकर्तनालयात टीव्हीवर परदेशी कुस्ती लागायची. तालमीतले वस्ताद तिला तमाशा म्हणत आणि सर्जेरावला शिव्या घालत. पण तो त्या तमाशावर भाळला होता, त्यातही शिडीच्या कुस्तीवर. तिच्यात चितपट झालं तरी कुस्ती सुटत नाही. आखाड्याच्या मधोमध, उंच, पट्टा टांगलेला असतो. शिडी लावून वर चढायचं आणि तो सोडवून आणायचा, ज्याच्या हाती लागला तो जिंकला. समालोचन इंग्रजीत, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सर्जेरावनं सगळं नुसतं बघून ताडलं होतं.

एकदा मी म्हणालो, एवढा धट्टाकट्टा माणूस असा गोगलगाईसारखा काय चढतोय? तर म्हणाला, "अबे, खालच्याला उठायला येळ नको का? त्यो भराभरा चढला तर खेळ कशाचा? ह्यात दोगं मिळून खेळत्यात. पाडणाराच पडणाऱ्याला संबाळतो, बग." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. नंतर पटलं, पण त्याचा उपयोग नव्हता.

मग त्याच्या डोक्यात आलं, आपल्या जत्रेत शिडीची कुस्ती लावायची. पंचमंडळींच्या हातापाया पडून त्यानं परवानगी मिळवली. दोन शिड्या वर एकत्र बांधून घोडा केला, आडव्या बांबूला नारळ टांगला, पडणाऱ्यासाठी एका बाजूला गाद्या अंथरल्या आणि शेजारच्या तालुक्यातले दोन नामी पैलवान उभे केले. त्यांना नियम सांगितला, पण खेळ कसा रंगवायचा ते सांगायचं राहिलं. सलामी झाली, हलगी कडाडली, आणि त्यातला एक सरळ शिडीकडं गेला, चढला, नारळ तोडला अन् खाली आला! दुसरा अजून अंगाला माती लावत होता. कुणाची तंबाखूसुद्धा मळून झाली नव्हती. आखाडाभर हसं झालं. सर्जेराव हात जोडून म्हणाला, "थांबा मंडळी, आमी दावतो," आणि मला ओढून आत नेलं.

आमची तालीम पक्की होती. त्यांच्या गोठ्यामागं कडब्यावर शंभरदा केलं होतं. तो वर चढणार, मी खाली पडून राहणार, मग उठून शिडीचे पाय धरणार. गाद्यांच्या बाजूला अंग वळवून झालं की तो शिडीच्या बांबूवर दोन थापा मारणार. थाप पडल्यावरच मी ढकलायचं. हलगीच्या दणक्यात ती कुणाला ऐकू जाणार नव्हती. ती फक्त माझ्या हाताला कळणार होती.

तो फार सुरेख चढला. एकेका पायरीवर थांबत, नारळाला हात लावतोय न लावतोय असं करत. लोक त्याच्या नावानं शिट्ट्या मारत होते. मी मातीत पालथा होतो आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, घरी जावा, आई वाट बघायलीय!" सगळे हसले. मला वाटलं, सर्जेरावही हसला. डोकं सणकलं. उठलो, शिडी धरली, आणि...

तो गाद्यांवर नाही, कडक जमिनीवर पडला. खुबा मोडला. दवाखान्यात वस्ताद, पंच, त्याचा बाप, सगळे मला जाब विचारायला उभे होते आणि मी मिठाची गुळणी धरली होती. खाटेवरून तोच म्हणाला, "मास्तरची चूक न्हाई. थाप मारलती मी. उडी मारायला मलाच उशीर झाला."

पाय आखूड राहिला, तालीम सुटली. गावानं नाव ठेवलं, उशीर पैलवान. मंडपाचा धंदा टाकल्यावरही तेच नाव चाललं आणि तो हसून ओ देत राहिला. मी जायचो, चहा प्यायचो. एकदाच धीर करून म्हणालो, "सर्ज्या, त्या दिवशी थाप..." तर म्हणाला, "च्या घे, गार व्हायलाय." मला तेवढंच हवं होतं. मी चहा घेतला.

तेराव्याला गेलो. फाट्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. त्यावर त्याचा जत्रेतला फोटो आणि खाली कंसात छापलेलं, उशीर पैलवान. मेल्यावरही! मला तिथंच उतरून तो फाडावासा वाटला. फाडला नाही, मी फाडणाऱ्यातला नाही. पंगती उठल्यावर त्याची बायको, मंगलवहिनी, पत्र्याच्या शेडमध्ये कनातींच्या घड्या घालत होती. तिथं गेलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. तिनं हातातली घडी पुरी केली.

"मला बी त्यांनी थाप मारली म्हणूनच सांगितलतं," ती म्हणाली. माझं रडं तिनं बघितलं, पण समजूत काढली नाही. "भावजी, मला एकटीला कावून सांगायलात? मी कुठं त्यांना उशीर पैलवान म्हणत होते? ज्यांनी म्हणलं त्यांना सांगा की."

म्हणून हे इथं, सगळ्यांच्या देखत लिहितोय. गावात पेपरची ही पुरवणी येते, पारावर वाचली जाते. सर्जेरावला उशीर झाला नव्हता, मला घाई झाली होती. बांबूवर तो हात आपटायच्या आधीच मी शिडी लोटली. सर्जेरावनं जन्मात एकच थाप मारली, आणि ती शिडीवर नव्हती.