संदीपची बाटली

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि यवतमाळला परतलो. नोकरीतली नऊ वर्षं मी पीटी इन्स्ट्रक्टर होतो, त्यामुळे कळंब रोडवरच्या एका मैदानावर भरतीची तयारी करून घ्यायचं काम लगेच मिळालं. फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, पहाटे ०५३०. पोरं मला उस्ताद म्हणायची.

फौजेत मला एक खोड लागली होती. आजारी माणसावर आधी संशय घ्यायचा. सिक रिपोर्टसाठी, म्हणजे आजारी म्हणून सुट्टी मिळवायला, काखेत कांदा ठेवून ताप आणणारे मी स्वतः पकडले होते.

माझ्या पोरांतला संदीप मारेगावचा, वय एकवीस. बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस घरी गेला. परतल्या दिवशी, एप्रिलच्या उन्हात, मी त्याच्याकडून बुडालेल्या दिवसांची भरपाई करून घेतली. तीनशे उठाबशा, मग मैदानभर फ्रॉग जंप. ही भरपाई माझी पद्धत होती आणि मला तिचा गर्व होता.

दुसऱ्या पहाटे तो भिंत धरत आला. मांड्या लाकडासारख्या टणक झालेल्या. हातात पाण्याची बाटली, तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी.

"उस्ताद, लघवी अशी होऊन राह्यली."

"खर्रा थुंकला यात?"

"नाई उस्ताद. मी खातच नाई."

आमच्या जिल्ह्यातला पोरगा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाही, हे मला पटेना. त्याचे दात पाहिले. स्वच्छ होते. मुद्दाम घासून आला असेल, असं वाटलं.

"सोळाशे मीटर. पळ."

तो पळाला. ०६४० ला तिसऱ्या फेरीत पडला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अति व्यायामाने स्नायू फुटले, ते रक्तात उतरलं, किडन्या बंद पडल्या. लघवीचा रंग दिसला तेव्हाच का नाही आणलं?" पाचव्या दिवशी संदीप गेला.

मी मारेगावला गेलो. त्याच्या वडिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढं चांगलं वागतात म्हणजे काहीतरी मनात असणार, असा संशय मला तिथेही आला. त्याची आजही लाज वाटते.

वडील म्हणाले, "दवाखान्यात मी त्याले इचारलं, पाय उचलत नोहता तर पळाला काहून? तर म्हणे, बाबा, उस्तादले मी खोटा वाटून राह्यलो होतो."

युनिटमधल्या शहीद साथीदारांची नावं मी रोज सकाळी सावधान उभा राहून घेतो. शेवटी संदीपचं घेतो. तो फौजेत पोचलाच नाही.