वाईट बातमीचा धडा

किरिबातीतल्या एका दूरच्या बेटावर तेरेंगा सरकारी वायरलेस सांभाळायची आणि फावल्या वेळात विद्यापीठाच्या संवादकौशल्याच्या प्रमाणपत्राचा अभ्यास करायची. पाचव्या धड्यात लिहिलं होतं, वाईट बातमी माणसाला बसवून, सरळ शब्दांत सांगावी. त्याच आठवड्यात वायरलेसवर कळलं, की तिचा नवरा तिओती मासेमारीच्या जहाजावरून समुद्रात पडला आणि सापडलाच नाही.

ती तडक घरी गेली. सासू केवड्याच्या पानांची चटई विणत होती.

"आई, हातातलं ठेवा. तिओती गेला. जहाजावरून पडला. प्रेत मिळालं नाही."

"अगं, तोंडी परीक्षा देतेस काय? रड की मेले!" सासू किंचाळली.

तेरेंगाला रडू येईना. सहा महिन्यांनी ती पास झाली. सासू मात्र मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही.